चिकन टिक्का मसाला कोणाचा? शेजारच्या आचारी चाचांकडून ऐकलेलं

मृण्मयी_ल्युटन
नमस्कार मंडळी,

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते. परवा शेजारच्या चाचांनी त्यांच्या स्वयंपाकघरात उभं करून मला हॉटेलची ग्रेव्ही शिकवली आणि मग राहवलं नाही.

मी २००९ साली नागपूरहून इंग्लंडला आले. पहिल्याच महिन्यात एका शुक्रवारी ऑफिसातली मंडळी मला 'करी' खायला घेऊन गेली, मुद्दाम माझ्यासाठी. समोर चिकन टिक्का मसाला आला. शेंदरी रंग, वर क्रीमची रेघ, चवीला गोडसर. मी सावजी रश्शावर वाढलेली. दोन घास खाऊन म्हणाले, हे आमच्याकडचं नाहीच. वाढणारा मुलगा शेजारीच उभा होता. तो काही बोलला नाही, पाण्याचा जग ठेवून आत गेला. त्याचा तो चेहरा मला अजून आठवतो.

चाचा मूळचे बांगलादेशातल्या सिल्हेट जिल्ह्यातले, बियानीबाजारकडचे. १९७४ मध्ये सतराव्या वर्षी वडिलांकडे आले आणि पुढची अडतीस वर्षं वेगवेगळ्या 'इंडियन' हॉटेलांच्या भटारखान्यात उभे होते. सुरुवात भांडी घासण्यापासून, शेवट मुख्य आचारी म्हणून. शनिवारी रात्री एकट्या टिक्का मसाल्याच्या साठ-सत्तर प्लेटी जायच्या. मी विचारलं, तुम्हाला आवडतो का हो? म्हणाले, "बेटी, तो गिऱ्हाइकाचा. आमचं जेवण मागे वेगळं शिजायचं."

मागे काय शिजायचं? भात, मसुराची डाळ, आणि मासे किंवा मटण, त्यात शातकरा. हे सिल्हेटकडचं लिंबाच्या जातीचं मोठं फळ. त्याची जाड साल रश्शात घालतात, कडसर वास येतो. रात्री साडेबाराला शटर ओढलं की तेलाच्या डब्यांवर बसून सगळे ते जेवायचे.

म्हणजे देशभर गाजलेला पदार्थ ज्यांच्या हातून झाला, त्यांच्या ताटात तो नव्हताच. चिकन टिक्का मसाला पहिल्यांदा कोणी केला यावर भरपूर लिहून झालंय. ज्यांनी तो पन्नास वर्षं रोज रात्री रांधला, त्यांच्याबद्दल आपण मराठी माणसं मात्र "ते कुठे इंडियन, ते तर बांगलादेशी" एवढं म्हणून पुढे जातो. मीही तेच केलं होतं. कोणाला या लोकांबद्दल, जुन्या हॉटेलांबद्दल माहिती असेल तर जरूर लिहा.

तांबडा_रस्सा
ताई, लेख मनापासून लिहिलाय आणि चाचांबद्दल आदर आहेच, पण थोडं वेगळं मत मांडतो. रेडिंगला बारा वर्षं आहे. इथल्या लोकांना वाटतं भारतीय जेवण म्हणजे क्रीम, साखर आणि लाल रंग. माझ्या मुलीच्या वर्गात 'भारत' विषय झाला तेव्हा मुलांना टिक्का मसाला आणि नान दिलं. भाकरी, ठेचा, पिठलं, आमटी या शब्दांना तिथे जागाच नव्हती. मुलगी घरी येऊन विचारते, बाबा, आपण इंडियन जेवण का नाही खात? आता यावर काय सांगायचं तिला? आचाऱ्यांच्या कष्टांबद्दल वाद नाही. पाटीवर 'इंडियन' लिहिलं की आमचं ताट त्याखाली झाकलं जातं, हे माझं दुखणं आहे.

क्लाइडकाठ
ग्लासगोहून लिहितेय. आमच्या गावचा यावर हक्क आहे, त्यामुळे गप्प बसणं शक्य नाही!

पार्क रोडवर शीश महल नावाचं हॉटेल आहे. अली अहमद अस्लम यांनी १९६४ मध्ये सुरू केलं. मूळचे पाकिस्तानातले, लहानपणीच ग्लासगोला आलेले. गावात सगळे त्यांना 'मिस्टर अली' म्हणत. त्यांनी सांगितलेली हकीकत अशी: १९७० च्या दशकात एका गिऱ्हाइकाने चिकन टिक्का कोरडा लागतो म्हणून परत पाठवला, थोडा रस्सा घालून द्या म्हणाला. अलींना तेव्हा पोटाच्या अल्सरचा त्रास होता, म्हणून ते स्वतः टोमॅटो सूप पीत होते. त्याच सुपात मसाले घालून त्यांनी तो टिक्का परत पाठवला. गिऱ्हाईक खूश झालं, पदार्थ मेनूवर गेला.

२००९ मध्ये ग्लासगोचे खासदार मोहम्मद सरवर यांनी संसदेत प्रस्ताव मांडला होता, की युरोपीय संघाकडून या पदार्थाला ग्लासगोचं भौगोलिक संरक्षण मिळावं, म्हणजे त्याचं नाव कायद्याने ग्लासगोशी जोडलं जावं. ते काही मिळालं नाही. मिस्टर अली डिसेंबर २०२२ मध्ये ७७ व्या वर्षी गेले, तेव्हा हॉटेल ४८ तास बंद ठेवलं होतं. त्या आठवड्यात माझ्या स्कॉटिश सासूबाई हळहळत होत्या. त्यांचं लग्न ठरल्यानंतरचं पहिलं बाहेरचं जेवण तिथे झालं होतं.

करोलबागकर
क्लाइडकाठ, हकीकत सुंदर आहे, पण दिल्लीकर म्हणून बाजू मांडतो.

पेशावरहून फाळणीत आलेल्या कुंदनलाल गुजराल आणि त्यांच्या भागीदारांनी १९४७ मध्ये दर्यागंजला मोती महल सुरू केलं. तंदूरमधली उरलेली कोंबडी सुकते म्हणून टोमॅटो, लोणी आणि सायीच्या ग्रेव्हीत सोडायची, हे तिथलं बटर चिकन. बटर चिकन पहिलं कोणी केलं यावरून २०२४ मध्ये दोन घराणी दिल्लीच्या उच्च न्यायालयात गेली आहेत, म्हणजे तिथेही एकमत नाही. पण कोरड्या तंदुरी कोंबडीला टोमॅटोच्या रश्शात बुडवण्याची कल्पना ग्लासगोच्या आधीची आहे, हे मान्य करायला हवं. फरक एवढा, की बटर चिकनमध्ये लोणी आणि टोमॅटोची चव पुढे असते, तर टिक्का मसाल्यात कांद्याची ग्रेव्ही आणि वरून घातलेले मसाले.

आणि 'एकच अस्सल कृती' म्हणाल तर १९९८ मध्ये ब्रिटनमधल्या एका करी-मार्गदर्शिकेने टिक्का मसाल्याच्या ४८ कृती तपासल्या होत्या. सगळ्यांत समान जिन्नस एकच निघाला, चिकन.

मृण्मयी_ल्युटन
करोलबागकर, ती ४८ कृतींची गोष्ट चाचांना सांगितली. ते म्हणाले, बरोबरच आहे, मी तीन हॉटेलांत तीन तऱ्हांनी केला. एका मालकाला बदामाची पूड हवी, दुसऱ्याला खोबऱ्याची, तिसऱ्याकडे दोन्ही नाही, नुसतं दही आणि क्रीम.

दाभोळखाडी
ताई, हा धागा वाचून रात्री झोप लागली नाही, कारण ही माझ्या घरची गोष्ट आहे.

माझे पणजोबा बोटीवर होते. आमच्याकडे रत्नागिरी जिल्ह्यात 'बोटीवर आहे' म्हटलं की पुढे काही विचारावं लागत नाही. मुंबईहून सुटणाऱ्या पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीच्या आगबोटींवर डेकवरचे खलाशी बरेचसे आमच्या कोकणातले मुसलमान असत, त्यांचे मुकादम, म्हणजे सारंग आणि तांडेलही, आमच्यातलेच. सलूनमध्ये, म्हणजे प्रवाशांच्या जेवणाच्या दालनात, वाढपी आणि स्वयंपाकी गोव्याचे. इंजिनखोलीत पंजाब आणि सरहद्दीकडचे. तिकडे कलकत्त्याहून सुटणाऱ्या बोटींच्या इंजिनखोलीत सिल्हेटी. भट्टीत कोळसा ओढणाऱ्याला 'आगवाला' म्हणत. हे सगळ्यात जीवघेणं काम. तांबड्या समुद्रातून जाताना खाली माणसं उष्म्याने कोसळत असत.

सिल्हेटच्या लोकांनी लंडनला बोट सोडून पळून जाण्याचं मोठं कारण ते काम होतं. हिंदी खलाशांचा पगार गोऱ्या खलाशाच्या पगाराच्या कितीतरी खाली असे. बोट गोदीला लागली की काही जण रात्री उतरायचे ते परत यायचेच नाहीत. बंदरापासून चालत जाण्यासारखं होतं ते पूर्व लंडन, ऑल्डगेट आणि स्पिटलफील्ड्सचा भाग. तिथे कमर्शियल स्ट्रीटवर आयुब अली मास्तर या सिल्हेटी माणसाचं 'शाह जलाल' नावाचं कॉफीघर होतं. बोट सोडून आलेल्याला तिथे जेवण मिळे, राहायची सोय होई, घरी पत्र लिहून मिळे, पोलिसात नाव नोंदवायला मदत होई. हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम मिळालं की तो तिथे कांदा चिरायला लागे, आणि मग गावाकडच्या भावाला, भाच्याला बोलावून घेई.

म्हणजे बोटीवर स्वयंपाक करणारे आमचे गोवेकर, आणि लंडनमध्ये हॉटेलं काढणारे मात्र भट्टीत कोळसा टाकणारे सिल्हेटी. यातल्या बहुतेकांनी घरी कधी चूल पेटवली नव्हती. स्वयंपाक ते इथे येऊन शिकले.

माझे पणजोबा परत आले. त्यांच्याबरोबरचा एक जण लिव्हरपूलला उतरला, त्याचं पुढे काय झालं हे घरात कोणालाच कळलं नाही. आजी त्याचं नाव घ्यायची.

तांबडा_रस्सा
दाभोळखाडी, हे माहीत नव्हतं. खूप धन्यवाद. सविस्तर स्वतंत्र लेख लिहा अशी विनंती.

एक शंका: हे सगळं दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागेचं. त्याआधी इंग्रज करी खातच नव्हते का?

जुनी_पानं
खात होते, आणि घरी करतही होते. हॅना ग्लास या बाईंच्या १७४७ च्या पाककृतींच्या पुस्तकात 'हिंदुस्थानी पद्धतीची करी' आहे. धणे आणि मिरी स्वच्छ फावड्यावर धरून विस्तवावर भाजायला सांगितलंय. आपण तव्यावर भाजतो तेच, फक्त हाताशी असलेल्या वस्तूवर. १७७३ मध्ये लंडनच्या हेमार्केटजवळचं एक कॉफीघर करी मिळेल अशी जाहिरात करत होतं. गिऱ्हाईक कोण, तर कंपनी सरकारची नोकरी करून पैसा घेऊन परतलेले साहेब.

हिंदी माणसाने काढलेलं पहिलं हॉटेल १८१० मधलं. शेख दीन मोहम्मद, पाटण्यात १७५९ मध्ये जन्मलेले, कंपनीच्या फौजेत होते, मग आयर्लंडला गेले. इंग्रजीत पुस्तक प्रसिद्ध करणारे पहिले हिंदी लेखक तेच, १७९४ मध्ये. पोर्टमन स्क्वेअरजवळ जॉर्ज स्ट्रीटवर त्यांनी 'हिंदुस्तानी कॉफी हाऊस' काढलं. वेताच्या खुर्च्या, हिंदुस्थानची चित्रं, हुक्क्याची वेगळी खोली. दोनच वर्षांत, १८१२ मध्ये, दिवाळं निघालं. परतलेल्या साहेबांच्या घरी स्वतःचे खानसामे होते, ते बाहेर कशाला जेवतील? पुढे ब्रायटनला स्नानगृह काढून त्यांनी चंपीचा व्यवसाय केला आणि त्यात मात्र राजाच्या पदरी पोहोचले. इंग्रजीतला 'शाम्पू' आपल्या चंपीतून आलाय.

१९२६ मध्ये लंडनच्या रीजंट स्ट्रीटवर वीरस्वामी हे हॉटेल सुरू झालं, तेही श्रीमंतांसाठीच. साध्या कामगाराच्या तोंडात करी गेली ती दाभोळखाडींनी सांगितलेल्या लोकांमुळे. युद्धात बाँबने पडझड झालेली छोटी कॅफे आणि मासे-बटाट्याची दुकानं सिल्हेटींनी स्वस्तात घेतली. पाटी तीच ठेवली. मासे, चिप्स, 'पाय' (मांस भरून भाजलेला इंग्रजी पदार्थ) सगळं चालू ठेवलं आणि मेनूच्या शेवटी करी-भात जोडला. रात्री अकराला पब बंद झाले की भूक लागलेल्या माणसाला उघडं सापडणारं दुकान तेवढंच. आधी चिप्सवर करीचा रस्सा ओतून घ्यायचे, मग हळूहळू नुसती करी.

मृण्मयी_ल्युटन
किती माहिती! चाचा म्हणतात, अकरानंतरचं गिऱ्हाईक वेगळं असे. प्यालेलं असे, कधी शिव्या देई, कधी पैसे न देता पळे. तरी दुकान उघडं ठेवायचं, कारण नफा त्या दोन तासांतच होता.

मांडवीतीर
गोव्याहून एक भर घालते. इंग्रजी मेनूवर 'विंदालू' म्हणजे तिखटाची एक पायरी झाली आहे. कोर्मा सौम्य, मग मद्रास, मग विंदालू, आणि त्याच्याही वर 'फाल', तो तर आपल्याकडे कुठेच नाही. मद्रास नावाची करी मद्रासमध्ये कोणी ओळखणार नाही.

आमचं विंदालू पोर्तुगीजांच्या 'विन्या द आल्युश' वरून आलं, म्हणजे वाइन आणि लसणीत मुरवलेलं मांस. गोव्यात वाइनच्या जागी माडाचं व्हिनेगर आलं, मिरची आली. डुकराचं मांस आदल्या दिवशी मसाल्यात घालून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी शिजवायचं, आणि तिसऱ्या दिवशी ते खरं लागतं. माझी आई लग्नाच्या आदल्या आठवड्यात करून ठेवायची. लंडनमध्ये मी मागवलं तर त्यात बटाटा! 'आलू' ऐकून घातलेला. तिखट एवढं की व्हिनेगरचा पत्ता लागेना. मला मनापासून वाईट वाटलं, खोटं सांगणार नाही.

पण आता हा धागा वाचून वाटतं की आमच्या लोकांनीही पोर्तुगीजांचं तेच केलं होतं. लिस्बनच्या माणसाला आमचं विंदालू ओळखू येणार नाही.

स्पार्कहिल_बर्मिंगहॅम
बाल्टीचा उल्लेख कोणीच केला नाही! आमच्याकडे स्पार्कब्रूक, स्पार्कहिल आणि बाल्सल हीथ या भागाला 'बाल्टी ट्रँगल' म्हणतात. इथे सिल्हेटी कमी, मीरपूर आणि काश्मीरकडचे पाकिस्तानी जास्त. १९७० च्या दशकाच्या मध्यापासून त्यांनी पातळ पत्र्याच्या, दोन कड्यांच्या कढईत मोठ्या आचेवर झटपट करी करायला सुरुवात केली. कढई थेट टेबलावर. काटे-चमचे नाहीत, नान मोडून खायचं. तूप नाही, तेल. मांस हाडाविना, कारण पटकन शिजलं पाहिजे.

बर्मिंगहॅम हे पत्रा ठोकणाऱ्यांचं गाव, त्यामुळे ती कढईही इथेच बनत असे. पत्रा पातळ असला की लगेच तापतो, कडेला रस्सा करपायला येतो आणि तीच खरी चव. जाड बिडाची कढई वापरली तर तो वास येत नाही. इथल्या लोकांनी तिला संरक्षित पदार्थाचा दर्जा मिळावा म्हणून बरेच प्रयत्न केले होते.

शब्दाचं म्हणाल तर 'बाल्टी' म्हणजे आपली बालदीच. बालदी, बादली हे पोर्तुगीज 'बाल्द'वरून आले, हिंदी-उर्दूतली बाल्टीही तिथलीच. काही जण बाल्टिस्तानशी नातं जोडतात. माझ्या आईला पहिल्यांदा नेलं तेव्हा तिने विचारलं, बालदीत जेवायचं?

शिवडीची_पोर
मृण्मयीताई, ग्रेव्हीची कृती राहिली! चाचांनी शिकवलेली सांगा ना. त्यासाठीच दोनदा येऊन बघून गेले.

मृण्मयी_ल्युटन
सांगते. हॉटेलात हे कांद्याच्या पंचवीस किलोच्या पोत्यावर चालतं, मला एका किलोचं करून दाखवलं.

एक किलो कांदे जाडसर चिरून मोठ्या पातेल्यात. त्यात अर्धी ढोबळी मिरची, एक गाजर, मूठभर कोबी, सात-आठ लसूण पाकळ्या, बोटभर आलं, एकच टोमॅटो. वर अर्धी वाटी तेल, थोडी हळद, मीठ, आणि बुडेल एवढं पाणी. कांदा परतायचा नाही. हे मला पचायला सर्वात जड गेलं. मी कलथा हातात घेतला तर चाचांनी तो काढून घेतला. झाकण ठेवून तासभर मंद उकळायचं. पहिला अर्धा तास घरभर कच्च्या कांद्याचा उग्र वास येतो, मग अचानक तो गोड होतो. चाचा गप्पा मारत होते, पातेल्याकडे पाठ होती, आणि वास बदलला त्या क्षणी मान वळवून म्हणाले, "आता." मिक्सरमधून काढलं की सुपाइतकं पातळ, फिकट पिवळं काहीतरी होतं. चाखलं तर जवळजवळ बेचव. सगळी हॉटेलं याच्यावर उभी.

मग एका प्लेटीचं. तवा धूर येईपर्यंत तापवायचा. तेल, आलं-लसूण वाटण, त्यांची 'मिक्स पावडर' (हळद, धणे, जिरे, लाल तिखट आणि करी पावडर, प्रत्येकाची ठरलेली), पाण्यात कालवलेली टोमॅटो प्युरी. दहा सेकंद. मग एक पळी गरम ग्रेव्ही. ती तव्याला लागली की चर्र करून कडेने चिकटते, ते खरवडून परत आत घ्यायचं. पुन्हा पळी, पुन्हा तेच, तीनदा. तेल वर सुटलं की एक पायरी झाली. टिक्का मसाल्याला यानंतर आधी भाजून ठेवलेले टिक्क्याचे तुकडे, चमचाभर बदामाची पूड, थोडी साखर, तंदुरी मसाला, शेवटी क्रीम आणि हातावर चोळून कसुरी मेथी. सगळं मिळून सहा मिनिटं.

त्याच ग्रेव्हीत तिखट वाढवलं की मद्रास, डाळ घातली की धानसाक, खोबरं आणि क्रीम घातलं की कोर्मा. चार बर्नर, दोन माणसं, आणि एका रात्रीत दीडशे पानं. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीला आचारी लागतात तसंच, फक्त इथे प्रत्येकाची फर्माईश वेगळी. ही पद्धत कोणी एकाने शोधलेली नाही. एका भटारखान्यातून दुसऱ्यात, काकाकडून पुतण्याकडे गेली आणि पन्नास वर्षांत देशभर एकच झाली. मला हीच त्यांची सगळ्यात मोठी करामत वाटते, पण हिच्यावर कोणी हक्क सांगायला येत नाही.

दादरकर_विलायतेत
ताई, वाचूनच तोंडाला पाणी सुटलं. धानसाकचं नाव आलं म्हणून: पारशी घरात धानसाक मयताच्या चौथ्या दिवशी करतात, म्हणून सणावाराला करत नाहीत, रविवारी निवांत करतात. इथे त्यात अननस असतं.

आपल्या मुंबईचा एक माणूस या गोष्टीत हवाच. गुलाम नून. १९३६ मध्ये मुंबईत जन्म, घरचा मिठाईचा धंदा, रॉयल स्वीट्स. इथे येऊन साउथॉलला मिठाईचं दुकान टाकलं आणि १९८९ मध्ये कारखाना काढला, तयार जेवणाची पाकिटं करायला. सुपरमार्केटच्या थंड फळीवरचा चिकन टिक्का मसाला घराघरात नेण्यात त्यांचा मोठा वाटा. लोक त्यांना 'करी किंग' म्हणत. पुढे 'सर' झाले, लॉर्ड झाले. २००८ च्या नोव्हेंबरमध्ये हल्ल्याच्या रात्री ते ताजमध्ये अडकले होते, सुखरूप सुटले. २०१५ मध्ये गेले.

पाकीट घरात आल्यावर काय झालं ते मी शेजारच्या आजींच्या घरी पाहिलं. त्यांनी आयुष्यात कधी करी हाऊसमध्ये पाय ठेवला नव्हता, पण दर गुरुवारी त्यांच्याकडे मायक्रोवेव्हमध्ये टिक्का मसाला. करी हा त्यांच्यासाठी गुरुवार होता.

अनघा_पूर्वलंडन
सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. एक बाजू राहतेय म्हणून लिहिते.

१९ एप्रिल २००१ ला ब्रिटनचे तेव्हाचे परराष्ट्रमंत्री रॉबिन कुक यांनी लंडनमधल्या भाषणात म्हटलं की चिकन टिक्का मसाला हा आता खराखुरा ब्रिटिश राष्ट्रीय पदार्थ आहे. टिक्का हिंदुस्थानचा, आणि मांसाबरोबर रस्सा हवा या ब्रिटिशांच्या हौसेपोटी मसाला आला. बाहेरचं आपलंसं करून घेण्याचा हा उत्तम नमुना, असं त्यांचं म्हणणं. भाषण चांगलं आहे. मला ते आवडतंही.

पण मी रोज ज्या बागेतून कामाला जाते तिचं नाव अल्ताब अली पार्क. व्हाइटचॅपलची ही बाग. अल्ताब अली पंचविशीतला बंगाली तरुण, कपड्यांच्या कारखान्यात कामाला. ४ मे १९७८ च्या संध्याकाळी काम संपवून घरी निघाला असताना याच बागेशेजारी त्याला भोसकून मारलं. वंशद्वेष, दुसरं कारण नाही. दहा दिवसांनी सुमारे ७,००० लोक त्याच्या शवपेटीमागून डाउनिंग स्ट्रीटपर्यंत, पंतप्रधानांच्या दारापर्यंत, चालत गेले. १९९८ मध्ये बागेला त्याचं नाव दिलं. बांगलादेशी हॉटेलांसाठी प्रसिद्ध असलेली ब्रिक लेन तिथून पाच मिनिटांवर.

ज्या वर्षांत टिक्का मसाला लोकांच्या जिभेवर चढत होता, त्याच वर्षांत तो वाढणाऱ्यांच्या काचा फुटत होत्या. पुढे शिवणकामाचे आणि गिरण्यांचे रोजगार बंद पडत गेले तसे आणखी लोक हॉटेलांकडे वळले. पदार्थाला नागरिकत्व लवकर मिळालं. माणसांना फार उशिरा.

दाभोळखाडी
अनघाताई, शब्द नाहीत.

तांबडा_रस्सा
पहिला प्रतिसाद लिहिला तेव्हा यातलं काहीच माहीत नव्हतं. माझं म्हणणं पूर्ण मागे घेत नाही. मुलीला भाकरी आणि ठेचा 'इंडियन' म्हणून सांगता यायला हवा, ती जबाबदारी माझी आहे. पण आमचं ताट त्या आचाऱ्यांनी झाकलं, असं जे म्हणालो ते चूक होतं. पुढच्या महिन्यात शाळेत पालकांनी पदार्थ आणायचा दिवस आहे. पिठलं-भाकरी नेतोय.

क्लाइडकाठ
तांबडा रस्सा, भाकऱ्या थापून नेणार का तिथेच करणार? मी एकदा ग्लासगोत शाळेत तवा नेला होता, मुलांनी रांग लावली होती. फुगलेली भाकरी बघायलाच.

हिशेबनीस
मी लेखापाल आहे, माझ्याकडे अशा पाच-सहा हॉटेलांची कामं आहेत, म्हणून आजची स्थिती थोडक्यात. धंदा कठीण आहे. जेवणाच्या बिलावर २० टक्के व्हॅट, तेल आणि गॅस महाग, आणि स्वयंपाकी मिळत नाहीत. बाहेरून कुशल आचारी आणायचा तर एप्रिल २०२४ पासून त्याला वर्षाला किमान ३८,७०० पौंड पगार देण्याची अट आली, आणि जुलै २०२५ पासून आचाऱ्याचं काम कुशल कामगारांच्या व्हिसाच्या यादीतूनच गेलं. छोट्या गावातल्या तीस खुर्च्यांच्या हॉटेलाला तो पगारही परवडत नव्हता. मालकांची मुलं डॉक्टर, वकील, माझ्यासारखी हिशेबनीस झाली. ती भटारखान्यात येणार नाहीत, आणि आई-बापांनाही ती यायला नको आहेत. एक मालक मला म्हणाले, मी पोरांसाठी चाळीस वर्षं कांदा चिरला, आता त्याच पोरांना मी कांदा कसा चिरायला लावू? माझ्याकडची दोन हॉटेलं गेल्या वर्षी बंद झाली. एकाच्या जागी कॉफीचं दुकान आलं.

मांडवीतीर
आणि दुसरीकडे हाउन्स्लोला वडापाव मिळतो, गर्दी असते. लोकांना आता प्रांताप्रांताचं वेगळं जेवण हवंय. त्यांना 'करी' आधी कळली म्हणून तर पुढचं कळतंय.

शिवडीची_पोर
ताई, ग्रेव्ही केली! कांदा न परतता उकळायला हात धजत नव्हता. वास बदलतो ते खरं आहे, पस्तिसाव्या मिनिटाला. दोन डबे फ्रीझरमध्ये ठेवले. नवऱ्याने विचारलं, कुठून मागवलंस?

मृण्मयी_ल्युटन
शिवडीची पोर, हे चाचांना वाचून दाखवलं. "पस्तीस? आच जास्त होती," म्हणाले. पुढच्या वेळी मंद ठेवा.

तुम्हा सगळ्यांचे प्रतिसाद त्यांना थोडे थोडे भाषांतर करून सांगितले. 'शाह जलाल'चं नाव ऐकून ते एकदम सावरून बसले. त्यांच्या वडिलांचे मामा कलकत्त्याहून सुटणाऱ्या बोटीवर आगवाले होते आणि लंडनला उतरल्यावर पहिलं जेवण तिथेच जेवले होते, असं घरात सांगत. दाभोळखाडी, तुमच्या पणजोबांबद्दल त्यांनी दोनदा विचारलं. कोणत्या बोटीवर होते हे माहीत असेल तर कळवा, ते त्यांच्या मशिदीतल्या म्हाताऱ्यांना विचारणार आहेत. लिव्हरपूलला उतरलेल्या त्या माणसाचं नावही लिहून पाठवा म्हणाले. मला व्यक्तिगत निरोपात पाठवलंत तरी चालेल.

रविवारी ते आणि चाची आमच्याकडे जेवायला येताहेत. मी विचारलं काय करू, तर म्हणाले, तुझ्या आईच्या हातचं काय असेल ते. भरली वांगी आणि ज्वारीची भाकरी ठरलीये. शातकरा ते घेऊन येणार आहेत, वांग्यात घालून बघायचा म्हणतात.

दाभोळखाडी
मृण्मयीताई, निरोप पाठवलाय. बोटीचं नाव आजीच्या ट्रंकेतल्या नळीवर लिहिलेलं आहे, खलाशाचं नोकरीचं पुस्तक त्याला आमच्याकडे नळी म्हणतात. फोटो काढून जोडलाय, अक्षर पुसट आहे पण वाचता येतं. त्या दुसऱ्या माणसाचं नावही लिहिलंय. चाचांना सलाम सांगा.